विमानतळाचा मोंढा



दिल्लीहून किंवा मुंबईहून विमानाने आपल्या गावी येणाऱ्या प्रवाशाच्या पेटीला एक कागदी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर ठळक ठशात तीन रोमन अक्षरे असतात : आय, एक्स, यू. ही अक्षरे म्हणजे चिकलठाण्याचा विमानतळ. आपल्या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. पट्टीवरची अक्षरे मात्र तीच राहिली. मुंबईचे इंग्रजी नाव १९९५ साली बदलले, तरी तिथल्या पेट्यांवर आजही 'बी, ओ, एम' हीच अक्षरे असतात. याचे कारण उघड आहे. गावाचे नाव ठरविण्याचा अधिकार सरकारचा; पेटीवरची अक्षरे ठरविण्याचा अधिकार विमान कंपन्यांच्या एका संघाचा. त्या संघाचे मुख्य कार्यालय कॅनडातील माँट्रियल शहरात आहे, आणि आपल्या गावाचे टोपणनाव तेथे नोंदलेले आहे.

असे संघ किती आहेत, ते का निघाले, त्यांनी विमानतळाच्या धंद्यात काय केले आणि आपल्यासारख्या मध्यम शहराचा त्यांच्याशी काय संबंध, हा आजचा विषय आहे. आमचा सारा जन्म कामगारांच्या संघटनेत गेला. त्यामुळे मालकांच्या संघटना कशा बांधल्या जातात याकडे आमचे लक्ष आपोआपच जाते. शत्रुत्वाने नव्हे, शिकण्यासारखे पुष्कळ असते म्हणून.

विषय परका वाटू नये यासाठी आपण मोंढ्यापासून सुरुवात करू. मोंढ्यात माल विकणारा शेतकरी असतो, आडत्या असतो, खरेदीदार असतो, हमाल असतो, मापाडी असतो. आडत किती, तोलाई किती, हमाली किती, कोणत्या दिवशी बाजार बंद, या प्रत्येक गोष्टीवर हितसंबंधांची ओढाताण चालते. म्हणून व्यापाऱ्यांनी आपला संघ केला, हमालांनी आपला केला, आणि या सर्वांच्या वर कायद्याने बाजार समिती बसविली. विमानतळ हाही असाच मोंढा आहे. तेथे विमान कंपन्या येतात, विमानतळाचे मालक जागा देतात, वैमानिक विमान चालवितात, लोडर सामान चढवितात, आणि बाजार समितीच्या जागी राष्ट्राराष्ट्रांची एक संस्था आहे. फरक इतकाच की या मोंढ्याचे आवार पृथ्वीएवढे आहे.

सर्वांत आधी एकत्र आल्या विमान कंपन्या. पहिले महायुद्ध संपल्यावर लढाऊ विमाने रिकामी पडली आणि त्यांतून टपाल व उतारू नेण्याचा धंदा सुरू झाला. १९१९ च्या ऑगस्टमध्ये लंडन ते पॅरिस अशी रोजची विमानसेवा चालू झाली, आणि त्याच महिन्यात हॉलंडमधील हेग शहरी युरोपातील मूठभर कंपन्यांनी आपला पहिला संघ स्थापन केला. धंदा अजून रांगत होता. पण संघ झाला होता. तिकिटाचा नमुना कोणता, सामानाची पावती कशी, एकाच्या तिकिटावर दुसऱ्याने उतारू न्यावा काय, हे प्रश्न एकट्या कंपनीला सुटणारे नव्हते.

आपल्याकडे या धंद्याचा ओनामा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीवरून मद्रासला नेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने भरून जाई, म्हणून तेवढे महिने हा सारा कारभार पुण्याला हलवीत. त्या काळी विमानतळ म्हणजे एक मैदान, एक छप्पर आणि वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी. विमानतळाचा स्वतंत्र धंदा असतो हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा या क्षेत्राचा जागतिक कायदा तयार झाला. ७ डिसेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील शिकागो येथे ५२ देशांनी एका करारावर सह्या केल्या. त्यांत हिंदुस्थानही होता. त्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, निर्माण झाली व १९४७ च्या एप्रिलपासून तिचे काम माँट्रियलला रीतसर सुरू झाले. आज १९३ राष्ट्रे तिची सभासद आहेत. हीच या मोंढ्याची बाजार समिती. मत फक्त राष्ट्रांना.

शिकागोला राष्ट्रांचे सुरक्षिततेच्या नियमांवर एकमत झाले, पण भाडे कोणी ठरवावे यावर होईना. ही रिकामी जागा कंपन्यांनी हेरली. १९४५ च्या एप्रिलमध्ये क्यूबाच्या हवाना शहरी ३१ देशांतील ५७ कंपन्या जमल्या आणि त्यांनी हेगच्या जुन्या संघाच्या जागी नवा संघ उभा केला. तोच आजचा आयाटा. पुढच्याच वर्षी, १९४६ साली, ब्रिटन आणि अमेरिका यांनी बर्म्युडा येथे आपसांत करार केला व भाडे ठरविण्याचे काम आयाटाच्या परिषदांवर सोपविले. सरकारांनी फक्त मान्यता द्यावयाची. इतर देशांनी तोच पायंडा उचलला. व्यापाऱ्यांच्या संघाने दर ठरवावेत आणि सरकारने शिक्का मारावा, अशी ही व्यवस्था तीस वर्षे चालली.

ती किती बारकाव्याने चालली याची एक मौजेची गोष्ट आहे. १९५८ साली अटलांटिक महासागरावरून जाण्यासाठी स्वस्त वर्ग सुरू झाला. त्या वर्गातील उतारूंना साधे, थंड व कमी खर्चाचे सँडविचच द्यावे, असा आयाटाचा दंडक होता. भाडे सर्वांचे सारखे, तेव्हा कोणी जेवणाच्या आमिषाने गिऱ्हाईक ओढू नये हा हेतू. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीने सँडविचच्या नावाखाली भरगच्च ताटे वाढली. अमेरिकन कंपनीने तक्रार केली, चौकशी झाली आणि ताट वाढणाऱ्याला दंड झाला. त्याच सुमारास, १९५८-५९ साली, आयाटाचे अध्यक्षपद जे. आर. डी. टाटा यांच्याकडे होते आणि १९५८ ची वार्षिक सभा दिल्लीत भरली होती. आपल्या देशातल्या विमान कंपन्या त्याआधीच, १ ऑगस्ट १९५३ रोजी, सरकारच्या मालकीच्या झाल्या होत्या. निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून काढलेली हैदराबादची डेक्कन एअरवेज ही त्या वेळी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झालेल्या आठ कंपन्यांपैकी एक होती. आपले शहर तेव्हा हैदराबाद राज्यातच होते. म्हणजे सरकारी मालकीची विमाने आणि खाजगी रीतीचा संघ, असे दोन्ही एकाच वेळी नांदत होते.

१९७८ साली अमेरिकेने या भाडेबंदीला उघड आव्हान दिले. मालकांनी मिळून दर ठरविणे म्हणजे स्पर्धेचा गळा घोटणे, असा तिचा आक्षेप होता. पुढच्या वर्षी आयाटाला आपले काम दोन भागांत वाटावे लागले : एक धंद्याचा सर्वसाधारण संघ, आणि दुसरा ज्यांना हवे त्यांच्यापुरता दराचा विचार. भाड्यावरची पकड सैल झाली; पण इतर गोष्टींवरची पकड वाढली. पेटीची पट्टी, तिकीट, मालाची पावती, कंपन्यांनी एकमेकींचे देणे भागविण्याचा हिशेब, सामान हाताळण्याच्या पुस्तिका, या सर्वांचे नमुने आजही आयाटाचेच. सुमारे साडेतीनशे कंपन्या तिच्या सभासद आहेत आणि जगातील पाचांतील चार उतारू त्यांच्याच विमानांतून जातात.

विमानतळांचे मालक मात्र फार उशिरा एकत्र आले. युद्धानंतर अमेरिकेतील विमानतळ-चालकांची परिषद झाली, नंतर युरोपातील विमानतळांचे संघ निघाले, १९७० साली या संघांनी एक समन्वय मंडळ नेमले, आणि १९९१ साली सर्वांचा मिळून एक जागतिक संघ झाला. त्याचे नाव एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनल. आपण एसीआय म्हणू. प्रथम त्याचे ठाणे जिनिव्हाला होते; पुढे तेही माँट्रियलला गेले. नियम जेथे होतात त्याच्या शेजारी घर असावे, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही.

इतका उशीर का झाला? कारण पुष्कळ वर्षे विमानतळ सरकारचे किंवा नगरपालिकेचे होते. रस्ता किंवा बंदर जसे, तसा विमानतळ. त्याने नफा मिळवावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. आपल्याकडे मोठ्या विमानतळांसाठी १९७२ साली व इतरांसाठी १९८६ साली प्राधिकरण झाले, आणि १ एप्रिल १९९५ रोजी दोहोंचे मिळून भारतीय विमानतळ प्राधिकरण झाले. चिकलठाणा त्याच्याच ताब्यात आहे. २००६ साली दिल्ली आणि मुंबई हे विमानतळ खाजगी कंपन्यांच्या हवाली करण्यात आले. ज्या क्षणी विमानतळ हा गल्ल्याचा धंदा झाला, त्या क्षणापासून विमान कंपनी आणि विमानतळ यांचे हित वेगळे झाले. एकाचे भाडे ते दुसऱ्याचे उत्पन्न. घरमालक आणि भाडेकरू यांचे दोन संघ निघणे मग अपरिहार्यच होते.

या दोन संघांचे सर्वांत मोठे भांडण 'एक गल्ला की दोन गल्ले' या नावाने ओळखले जाते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. विमानतळाला दोन वाटांनी पैसा मिळतो. एक वाट विमानांची : उतरण्याचे शुल्क, उभे राहण्याचे शुल्क, उतारूंवरचे शुल्क. दुसरी वाट दुकानांची : उपाहारगृहे, जाहिराती, गाड्यांचा तळ, जमिनीचे भाडे. आयाटा म्हणते, सारा पैसा एकाच गल्ल्यात धरा. दुकानांतून भरपूर मिळाले तर विमानांचे शुल्क तितके कमी करा, कारण गिऱ्हाईक आमच्या विमानांनीच आणले. एसीआय म्हणते, दोन गल्ले ठेवा. दुकाने आम्ही आमच्या हिंमतीवर चालवितो, त्यांचा नफा आमचा, त्यातूनच नव्या इमारती होतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. हा वाद मिटविण्यासाठी आपल्या संसदेने २००८ साली कायदा करून एक नियामक प्राधिकरण नेमण्याची तरतूद केली. २०१२ साली त्याने दिल्लीच्या शुल्कात सुमारे ३४६ टक्क्यांची वाढ मंजूर केली, तेव्हा आयाटाने जगभर ओरड केली. पुढे २०१६ च्या राष्ट्रीय धोरणात मधला मार्ग निघाला : दुकानांच्या उत्पन्नापैकी ३० टक्के विमानांच्या गल्ल्यात धरावे, बाकीचे मालकाने ठेवावे. तिकिटावर 'विकास शुल्क' म्हणून जी रक्कम छापलेली असते, तिच्यामागे ही सारी घासाघीस उभी असते. वर्षाला ३५ लाखांहून अधिक उतारू असलेल्या विमानतळांचेच दर हे प्राधिकरण ठरविते. चिकलठाणा त्या आकड्याच्या पुष्कळ खाली आहे. तरी येथून मुंबईला किंवा दिल्लीला जाणारा माणूस तेथला आकार भरतोच.

दुसरी गोष्ट वेळांची. मुंबईच्या धावपट्टीवर दिवसात ठराविकच विमाने उतरू शकतात. कोणाला कोणती वेळ द्यावयाची? याचे जागतिक नियम पूर्वी आयाटाच लिहीत असे. २०२० पासून आयाटा, एसीआय आणि वेळा वाटणाऱ्या अधिकाऱ्यांचा संघ असे तिघे मिळून ते काढतात. मूळ सूत्र असे की ज्या कंपनीने मिळालेल्या वेळेचा एका हंगामात निदान ८० टक्के वापर केला, तिची ती वेळ पुढल्या वर्षी त्याच हंगामासाठी कायम. याला आपल्याकडे शेताच्या बांधावर वहिवाट म्हणतात. वहिवाटीने शिस्त येते हे खरे. पण नव्या माणसाला वाट मिळत नाही हेही खरे. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विमानांचे वेळापत्रक पालटते, आणि सकाळचे विमान राहिले की गेले याची चर्चा आपल्या वृत्तपत्रांत सुरू होते. वाळूजच्या कारखानदाराला सकाळी मुंबईत पोचून संध्याकाळी परतावयाचे असते. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्याला दुपारच्या आत येथे उतरावयाचे असते. चिकलठाण्याला जागा मोकळी असली तरी मुंबईला वेळ मिळाली पाहिजे. ती वेळ वहिवाटीच्या वहीत असते, आणि त्या वहीत आपल्या शहराचे खाते नसते.

येथवर आम्ही पैशाची आणि वेळेची गोष्ट सांगितली. आता जिवाची सांगावयाची आहे. ती आपल्याच गावची आहे.

२६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान चिकलठाण्याहून मुंबईकडे निघाले. विमानात कर्मचाऱ्यांसह ११८ माणसे होती. धावपट्टीच्या टोकापासून सुमारे ४१० फुटांवरून त्या वेळी बीडचा रस्ता जात होता. रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेली लॉरी चालली होती. विमान पुरेसे उचलले गेले नव्हते. त्याचे डावे चाक व डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर लॉरीला धडकला. तसेच पुढे जाऊन विमान कोई तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागले आणि कोसळले. ५५ माणसे गेली, ६३ वाचली. चौकशीने दोन कारणे सांगितली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास उशीर केला व चुकीच्या पद्धतीने उचलले, हे एक; आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक आवरण्यात त्या वेळचे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे दुसरे.

आता माँट्रियलचे पुस्तक उघडून पाहू. विमानतळांच्या रचनेचे नियम आयकाओने २९ मे १९५१ रोजी प्रथम मंजूर केले. त्यांना चौदावे परिशिष्ट म्हणतात. त्यात अडथळ्याची व्याख्या करताना स्थिर वस्तूंबरोबर चालत्या वस्तूही धरल्या आहेत. म्हणजे रस्त्यावरून जाणारी लॉरी हा पुस्तकाच्या भाषेत अडथळाच. मोठ्या धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटरपासून वर चढत जाणारी एक काल्पनिक उतरंड धरतात. ती शंभर मीटरला दोन मीटर या प्रमाणात चढते, आणि तिच्यावर कोणतीही वस्तू डोके काढता कामा नये असे अपेक्षित असते. ४१० फूट म्हणजे १२५ मीटर. रस्ता धावपट्टीच्याच पातळीवर आहे असे धरले, तर त्या ठिकाणी या उतरंडीची उंची १ मीटर ३० सेंटिमीटर भरते. सव्वाचार फूट! गाठींनी भरलेली लॉरी तर सोडाच, बैलगाडीवरचा कडबासुद्धा तिच्या वर जाईल.

आणखी एक हिशेब करू. धावपट्टीच्या टोकापुढे विमान घसरले तरी जीव वाचावेत म्हणून मोकळा राखीव पट्टा असावा, असे वैमानिकांचा जागतिक महासंघ कैक वर्षे सांगत आला. इफाल्पा नावाचा हा महासंघ १९४८ साली लंडनला स्थापन झाला. त्याची मागणी लांब पट्ट्याची होती. पुस्तकात हा पट्टा पुष्कळ वर्षे केवळ शिफारस म्हणून होता. १९९९ साली तो सक्तीचा झाला, आणि त्याची किमान लांबी ९० मीटर ठरली. २४० मीटर असावा ही शिफारस राहिली. पहिली ६० मीटरची पट्टी आणि हे ९० मीटर मिळून धावपट्टीच्या टोकापुढे १५० मीटर झाले. १९९९ चा हा नियम १९९३ च्या बीड रस्त्यावर ठेवून पाहा. रस्ता राखीव पट्ट्याच्या आत २५ मीटर येतो.

शिफारस आणि सक्ती या दोन शब्दांमधले अंतर ते हेच. धावपट्टीपुढची जमीन मोकळी ठेवायची म्हणजे ती विकत घ्यावी लागते, रस्ते वळवावे लागतात, कधी धावपट्टीची उपयोगी लांबी कमी धरावी लागते. पहिल्या दोहोंचा खर्च विमानतळाच्या माथी, तिसऱ्याचा विमान कंपनीच्या. वैमानिकाला मात्र आपला जीव आणि पाठीमागच्या माणसांचे जीव तेवढे दिसत असतात. म्हणून कोणत्याही जागतिक नियमाचे कलम वाचताना आम्ही तीन प्रश्न विचारतो. हे कोणी मागितले? याचा पैसा कोण देणार? आणि जागेवर उभे राहून हे पाळणार कोण? पहिल्या दोन प्रश्नांवर जगात मोठमोठ्या परिषदा भरतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा एक पहारेकरी किंवा एक लोडर असतो, आणि तो त्या परिषदेत नसतो.

याचा अर्थ हे संघ निरुपयोगी आहेत असा कोणी घेऊ नये. एका देशात भरलेली पेटी तिसऱ्या देशात तीन विमाने बदलून बिनचूक पोचते, परभाषेतील विमानतळावरही खुणांची पाटी ओळखू येते, हे संघांचे श्रेय आहे. धंद्यात चारजण मिळून एक रीत ठरवितात आणि ती मोडणाऱ्याला जाब विचारतात, ही गोष्ट आम्हांला तरी वाईट वाटण्याचे कारण नाही. आम्हीही तेच करीत आलो.

कामगारांनी ते फार पूर्वी केले. १८९६ साली, म्हणजे विमानाचा शोध लागण्याच्याही आधी, लंडनमध्ये खलाशी आणि गोदी कामगारांनी आपला आंतरराष्ट्रीय संघ काढला. बेन टिलेट आणि टॉम मान हे त्याच्या उभारणीतले पुढारी. रॉटरडॅमच्या गोदी कामगारांचा संप मोडण्यासाठी दुसऱ्या देशातून मजूर आणू नयेत, ही त्यामागची साधी जाणीव होती. तो संघ म्हणजे आजचा आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ. रेल्वे, मोटार, बंदर यांच्याप्रमाणे विमान-कामगारांचाही त्याला स्वतंत्र विभाग आहे. आयकाओच्या सभांना त्याला आमंत्रण मिळते. परंतु विमान कंपन्यांचा संघ, विमानतळांचा संघ व वैमानिकांचा महासंघ यांना नियम घडविणाऱ्या तांत्रिक आयोगात निरीक्षक म्हणून जी कायमची बैठक असते, ती सामान उचलणाऱ्याच्या प्रतिनिधीला नाही.

लोडरचे उदाहरण घ्या. विमानाच्या पोटात उभे राहण्याइतकी उंची नसते. गुडघ्यावर बसून, वाकून, एकेक नग आत ढकलावा लागतो. एका नगाचे वजन ३२ किलोंहून अधिक नसावे ही मर्यादा आज जगभर सर्रास पाळली जाते, ती या उचलणाऱ्याच्या पाठीसाठी. ज्यांनी मोंढ्यात शंभर किलोंचे पोते पाठीवर वाहिले आणि ते पन्नासावर आणण्यासाठी वर्षानुवर्षे भांडण केले, त्या हमालांना या ३२ आकड्याची किंमत कळेल. २००८ साली आयाटाने जमिनीवरील कामाच्या सुरक्षिततेची तपासणी करण्याची योजना सुरू केली. विमानाजवळ गाडी किती अंतरावर थांबवावी, पट्टा कसा लावावा, खुणा कशा कराव्यात, हे सारे तीत तपासले जाते. चांगली गोष्ट आहे. पण गाडी हाकणारा माणूस कंत्राटदाराचा असेल, दर दोन वर्षांनी कंत्राट बदलत असेल, आणि नव्या कंत्राटदाराने जुन्या माणसाला कमी पगारावर नव्याने घेतले असेल, तर तपासणीच्या कागदावर ते दिसत नाही. शिकलेला हात टिकला पाहिजे, हा सुरक्षिततेचाच नियम आहे. तो अजून कोणत्याही परिशिष्टात गेलेला नाही.

२००६ च्या फेब्रुवारीत भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या सुमारे बावीस हजार कर्मचाऱ्यांनी दिल्ली-मुंबईच्या खाजगीकरणाविरुद्ध चार दिवस संप केला. विमाने बहुतेक चालू राहिली. स्वच्छता, पाणी, सामान यांची आबाळ झाली, आणि जिन्यावर साचलेल्या कचऱ्यावरून लोकांना प्रथमच समजले की विमानतळावर रोज कोणकोण राबत असते. वाटाघाटी होऊन संप मागे घेतला गेला. विमानतळ मात्र हस्तांतरित झाले. ज्या व्यवस्थेचे आराखडे वर्षानुवर्षे इतरत्र आखले जात होते, तिच्याविरुद्ध चार दिवसांचा आवाज कितीसा पुरणार? टेबलाशी जागा नसली की रस्त्यावर उतरावे लागते, आणि रस्त्यावर उतरेपर्यंत कागदावर सह्या झालेल्या असतात.

आता मोंढ्याकडे परत या. महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समिती कायदा आहे. त्याखाली निवडल्या जाणाऱ्या संचालक मंडळात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बहुसंख्य असतात, व्यापाऱ्यांचे असतात, आणि हमाल-मापाडी मतदारसंघातून एक संचालक निवडून येतो. एकच, पण तो निवडून येतो, मत देतो, आणि इतिवृत्तावर त्याचे नाव लागते. १९६९ साली अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून माथाडी कायदा झाला. मजुरी आणि तिच्यावरचा आकार मालकाने मंडळात भरावयाचा, मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा द्यावयाची. मालक बदलला तरी हमालाची नोंद बदलत नाही. डोक्यावर पोते वाहणाऱ्या, सही न येणाऱ्या माणसांनी ही व्यवस्था मिळविली. जागतिक म्हणविणाऱ्या विमानतळाच्या मोंढ्यात ती नाही. माँट्रियलला शिकण्यासारखे काही आपल्या मोंढ्यात आहे, असे आम्ही म्हटले तर कोणी हसू नये.

माँट्रियल दूर आहे. पण आपल्या हाताशी काहीच नाही असे नाही. प्राधिकरणाच्या विमानतळांना सल्लागार समिती असते व तिचे अध्यक्षपद तेथल्या खासदाराकडे असते. शहरातील व्यापारी, उद्योग, पर्यटन यांची माणसे तेथे बोलतात. सकाळच्या विमानाची मागणी तेथे होते, आणि ती रास्तच आहे. त्याच बैठकीत आणखी चार गोष्टी विचारल्या जाव्यात. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढचा राखीव पट्टा आज किती मीटरचा आहे? सामान हाताळणाऱ्यांचे कंत्राट बदलले तेव्हा किती जुनी माणसे राहिली? सभोवती उघड्यावर कचरा टाकण्याने पक्षी जमतात, आणि पक्षी विमानाच्या इंजिनात जातात. म्हणून १९३७ च्या विमान नियमांत विमानतळाभोवतीच्या १० किलोमीटरच्या वर्तुळासाठी कचऱ्याचे निर्बंध घातले गेले. त्यांची अंमलबजावणी कोण पाहतो? आणि लोडरांचा प्रतिनिधी या बैठकीला का नाही?

हे प्रश्न विचारण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. ४१० फुटांचे मीटर करून त्यांतून साठ वजा करता आले की पुरे. चौथीतले पोर ते करील. १९९३ साली बीड रस्त्याने रोज जाणाऱ्या शेकडो माणसांना विमान डोक्यावरून किती खालून जाते हे डोळ्यांनी दिसत होते. ते विचारण्याची जागा कोणती, हे मात्र कोणाला माहीत नव्हते. आज ती जागा आपल्याला माहीत आहे. मालकांच्या संघांनी शंभर वर्षांत एक गोष्ट सिद्ध केली : जो बैठकीला वेळेवर जातो आणि कागद वाचून जातो, त्याचे म्हणणे नियमात उतरते. आपल्या शहरानेही पुढच्या बैठकीला कागद वाचून जावे, इतकीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.